सतराचा पाढा नाल्यापलीकडे

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण बाईंची गोष्ट सांगायची म्हणजे त्यात तो मध्ये मध्ये येणारच. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मी. तिथं वीज केंद्राचा भोंगा, कंपनीच्या बसचा हॉर्न आणि माझी आई, या तिघांच्या वरताण बोलल्याशिवाय आमच्या घरात कोणाला पोळी वाढली जात नसे. डी.एड. झाले आणि सावली गावाच्या पुढं, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथल्या दोन शिक्षकी शाळेवर रुजू झाले. पहिल्याच तासाला पोरांवर अशी ओरडले की हापशीवरच्या बाया पाण्याचे गुंड भरता भरता थांबून खिडकीत आल्या.

शेजारच्या वर्गातून बाई पण आल्या. बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. अंगानं एवढ्याशा, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांनी पोरांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"आवाज मस्त हाये तुमचा," त्या म्हणाल्या. "पन इथी वाया जाऊन राह्यला. जपून ठेवा, कामी येईन."

टोमणाच वाटला मला. वाटणारच ना! नवीन नोकरी, नवीन साडी, आणि ही बाई पोरांसमोर असं बोलते. पण नंतर कळलं की बाईंना टोमणा मारता येतच नव्हता. त्यांच्या घशातून आवाजच इतका बारीक निघायचा की टोमणा निम्म्यात विरून जायचा. त्या बोलायला लागल्या की अख्खा वर्ग आपोआप पुढं सरकून बसायचा. ऐकू यावं म्हणून.

बाईंची शाळा मला पहिले दोन महिने कळलीच नाही. वर्गात पाहावं तर वर्ग रिकामा. वजाबाकी हापशीवर चाललेली. बादली भरायची, त्यातून लोटे काढायचे, किती उरले सांगायचं, आणि ज्याचं चुकलं त्यानं ते पाणी शाळेच्या कढीपत्त्याला घालायचं. आमच्या शाळेचा कढीपत्ता त्यामुळं भिंतीच्या वर गेला होता. कविता पायऱ्यांवर, एका पायरीला एक ओळ. दिशा छपरीत, आणि पाढे कडुनिंबाभोवती गोल फिरत. मी एकदा चिडून विचारलं, "बाई, एका जागी बसून काही शिकवलं तर काय बिघडते?"

"मीठ कुठी ठेवता तुमी घरी?" त्यांनी विचारलं.

"मिठाच्या बरणीत."

"आन तिखट?"

"तिखटाच्या."

"मंग? धडा बी ज्याच्या त्याच्या जागी ठेवाव. लेकराले लागला का तिथी जाऊन काढून आनते. सारंच एका डोस्क्यात कोंबलं त सापडन कसं?"

मी मनातून पेटले. आमच्या कॉलेजात चार्ट होते, फ्लॅशकार्ड होती, शैक्षणिक साहित्याला वीस मार्क होते. मिठाची बरणी कुठंच नव्हती.

खुर्चीवर त्या बसत नसत. त्यांची खुर्ची रोज एका पोराला मिळायची. त्या दिवशी तो 'बाई', आणि खऱ्या बाई खाली सतरंजीवर. पोट्टेही असे बेरके की बाईंचीच नक्कल करून बाईंनाच विचारायचे, "काऊन हो, काल काऊन नाई आल्या?" आणि बाई हात जोडून सांगायच्या, "मीटिंग होती जी." फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखलेली होती. तिथं 'आजची मानाची चूक' लिहायची. ज्यानं सगळ्यात सुंदर चूक केली त्याचं नाव, आणि त्याला टाळ्या. एका पोरानं लिहिलं होतं, 'चंद्र दिवसा सासरी जातो.' ती चूक बाईंनी आठवडाभर पुसू दिली नाही.

आणि एक रुसायचा कोपरा होता. खिडकीखाली गोणपाट टाकलेलं. ज्याला रुसायचं त्यानं तिथं जाऊन बसायचं. कोणी विचारायचं नाही, कोणी समजूत काढायची नाही, फक्त पाणी नेऊन द्यायचं. रुसवा संपला की आपलं आपण उठून यायचं. मी म्हटलं हे काय फाजील लाड! तर बेंचवरून माझं त्यांचं भांडण झालं त्या दिवशी बाई स्वतःच जाऊन त्या कोपऱ्यात बसल्या. शाळेला नवे बेंच आले होते आणि बाईंनी ते छपरीत नेऊन पोरांचे भिजलेले सदरे वाळत घालायला लावले होते. मी त्याबद्दल जरा जोरात बोलले. जोरात म्हणजे माझ्या जोरात. मधली सुट्टी संपेपर्यंत बाई गोणपाटावर बसून राहिल्या आणि पहिलीतली चिमुरडी त्यांना पेल्यानं पाणी देत होती. हसू की रडू, समजेना मला.

जंगलाच्या आत एक टोला आहे, पाचसहा घरांचा. शाळेपासून निघालं की आधी धानाच्या बांध्या, मग नाला, मग मोहाची झाडं, आणि पुढं टोला. तिथली पोरं आमच्याच शाळेत यायची. त्यांच्यात काजल. तिसरीत होती तेव्हा. वेणी कायम सुटलेली, आणि तोंड तर त्याहून. तिची आजी पण तशीच. शाळेसमोरून जाताना खिडकीतून ओरडून जायची, "बाई, माह्या नातीनं आज कोनती चूक केली वं?" बाई तिला हात करायच्या. दोघी एकाच वयाच्या असतील.

मार्चात मोह पडतो. टोल्यावर प्रत्येक घराची झाडं ठरलेली. उजाडायच्या आत बाया झाडाखाली जातात, रात्रभर पडलेली फुलं वेचतात. काजलची आजी दरवर्षी सुनेबरोबर जायची. त्या दिवशी सून तापानं फणफणली होती, म्हणून म्हातारी एकटीच गेली. झाड नाल्याच्या पलीकडं, पोरांच्या शाळेच्या वाटेवरच. ती घरी आली नाही हे दुपारी लक्षात आलं. काजलचा बाप पाहायला गेला. टोपली अर्धी भरलेली होती.

याहून जास्त मला सांगता येत नाही. आमच्याकडं त्या जनावराचं नावही घेत नाहीत. 'तो' म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून टोल्यावरची पोरं बंद. जंगलखात्याचा गार्ड येऊन गावात सांगून गेला की एकट्यानं जाऊ नका, घोळक्यानं जा, आवाज करत जा. सगळ्यांनी माना हलवल्या. शाळा सुटताना बाई कुलूप लावता लावता म्हणाल्या, "म्हातारी किती बोलायची. आन गेली मुक्यानं. कोनी आवाज दिला असता, तिनं ओ दिली असती. ओ नाई आली त तवाच समजलं असतं ना." कुलूप त्यांनी माझ्या हातात दिलं. मी लावलं.

म्हातारीचं दिवसपाणी झाल्यावर आम्ही दोघी टोल्यावर गेलो. काजलचा बाप अंगणात बांबू फोडत बसला होता. बाईंसाठी त्यानं बाज पुढं केली. बाई बसल्या नाहीत.

"भाऊ, पोरगी पाठवा."

"बाई, तुमी चांगल्या आहा. पन माही माय गेली त्या रस्त्यानं. आता पोरगी नाई पाठवत."

"बरोबर हाये तुमचं."

मी वाट पाहत राहिले की आता 'पन' म्हणतील. म्हणाल्या नाहीत.

"शिकून काय कलेक्टर होनार हाये का ते?" तोच पुढं बोलला. "जित्ती राह्यली त बस झालं."

"जित्तीच ठेवू ना. मी सकाळी न्यायले येते. शाळा सुटली का तुमच्या हातात आनून देते."

"तुमी?" त्यानं बाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्या आवाजानं कोंबडी बी नाई उठत, बाई."

"माहा आवाज कायले पायजे? लेकरायचा हाये ना."

दाराआडून काजल ओरडली, "मले जायचं हाये!" तिच्या आईनं तिला आत ओढलं. बापानं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पुन्हा बांबू फोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कॅनव्हासचे बूट घालून एकट्या निघाल्या. मी शाळेच्या फाटकात उभी, घड्याळाकडं पाहतेय, मनात नको ते येतंय. आणि मग जंगलातून पाढा आला. आधी पाढा, मग पोरं. एकाच्या मागं एक, प्रत्येकानं पुढच्याचा सदरा मुठीत धरलेला, तोंडं लालबुंद, आणि शेवटी बाई. काजल तिसरी की चौथी होती रांगेत, आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

कडुनिंबाभोवतीचे पाढे बाईंनी उचलून वाटेवर नेऊन ठेवले होते. बांध्यांवर बाराचा. नाल्यात पंधराचा. आणि नाल्यापलीकडं, मोहापाशी, सतराचा.

"सतराचाच काऊन?" मी विचारलं. एव्हाना मी पण 'काऊन' म्हणायला लागले होते.

"दोनचा म्हनता म्हनता मानूस भेऊ शकते," बाई म्हणाल्या. "सतराचा म्हनता म्हनता भेता येत नाई. करून पाहा."

मी रात्री अंथरुणात करून पाहिलं. खरंच येत नाही. सतरा साते काय, याच्यापुढं भीतीला जागाच राहत नाही.

पण मला खोड आहे, चिडवल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "बाई, त्याला समजतो का पाढा?"

"समजत नाई म्हनूनच त भेते तो," बाई एकदम गंभीरपणे म्हणाल्या. "लहानपनी आपन नाई का भेलो?"

असं ते चालू झालं. उन्हाळा सरला, शाळा पुन्हा उघडल्या, रोवणे झाले, धान कापून झालं. बाई रोज सकाळ-संध्याकाळ. पावसाळ्यात छत्री घेऊन. कधी कधी मी पण जायचे. तेव्हा एक गोष्ट पाहिली मी. बाई रांगेच्या शेवटी असत आणि मधेच मागं वळून झाडीकडं पाहून मान हलवत. कोणी ओळखीचं दिसल्यासारखी. मला वाटलं, वय झालं आता.

मग थंडीत तालुक्याचे साहेब आले तपासणीला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. पोरांशी हसून बोलले, 'मानाची चूक' वाचून त्यांना ठसका लागला. मी आदल्या दिवशी पोरांना धुऊन-पुसून तयार केलं होतं, बेंच छपरीतून आत आणले होते. साहेबांनी चौथीतल्या काजलला उभं केलं.

"बेटा, सतराचा पाढा म्हण बरं."

काजल उभीच. वेणी चघळतेय. माझे कान तापायला लागले.

"येत नाही का?"

"येते ना, सायेब."

"मग म्हण."

"सायेब, सतराचा इथी नाई."

"इथी नाई म्हणजे? कुठं आहे मग?"

"नाल्याच्या पल्याड. मोहापाशी."

मी डोळे मिटले. धरणीमाय, पोटात घे! साहेबांनी दुसऱ्या पोराला विचारलं. त्यानं सुरुवात केली, 'सतरा एके सतरा', आणि पाय उचलू लागला, जागच्या जागी, बेंचमध्ये गुडघे आपटत. 'सतरा त्रिक' पाशी थांबला. म्हणाला, "सायेब, बेंच नडून राह्यला." तिसरीतल्या एकानं हात वर केला. "सायेब, बाराचा पायजे का? बाराचा जवळ हाये. बांधीत."

मी तोंड उघडलं, सारवासारव करायला. बाईंनी हातानंच मला थांबवलं.

"चाला ना सायेब," त्या म्हणाल्या. "दूर नाई."

आणि साहेब गेले हो! काय मनात आलं त्यांच्या, माहीत नाही. शाळा सुटायची वेळ झालीच होती, टोल्यावरच्या पोरांनी रांग केली. रांगेत मोकळी जागा ठेवायची नाही हा नियम, म्हणून साहेबांना मधे घेतलं. त्यांनी पुढच्याचा सदरा धरला, त्यांचा इस्त्रीचा शर्ट काजलनं मागून धरला. बाराचा पाढा बांध्यांवरून गेला. पंधराचा नाल्यातून गेला, साहेबांचे बूट भिजले. आणि पलीकडं चढल्याबरोबर पोरं अशी ओरडली की वरची वानरं फांद्या बदलून बसली. सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! एकही अडखळलं नाही. साहेबही ओरडत होते. त्यांना येत होता सगळा, मजा वाटत होती त्यांना, तोंडावर दिसतच होतं.

मोहाचं झाड मागं पडल्यावर त्यांनी हसत विचारलं, "पण बाई, इथंच का?"

काजलनं सांगितलं. साध्या आवाजात, जशी गावाची नावं सांगतात तसं. "इथी माही आजी गेली, सायेब. त्यानं नेलं."

साहेबांचं हसू गेलं. टोल्यावर पोरं घरोघर पोचवून आम्ही तिघं परत फिरलो. शाळेच्या फाटकात येऊन ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण उद्या या रस्त्यात काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, आणि लेकरू जाईल ते वेगळंच. शिक्षकानं पोरांना जंगलातून न्यायचं नाही. हे आजपासून बंद. टोल्यावरच्या पोरांना आश्रमशाळेत टाका, मी बोलतो तिथं."

चूक तरी काय होतं त्यांचं? बाई फक्त म्हणाल्या, "काजलचा बाप तिले बाहेर नाई ठेवनार जी. घरून पोरगी हालू नाई देत तो आता." साहेब म्हणाले, "समजवा त्यांना." आणि गाडीत बसले.

बाई आत गेल्या आणि खिडकीखाली गोणपाटावर जाऊन बसल्या. शाळेत कोणी उरलं नव्हतं. मीच हापशीवरून पेलाभर पाणी आणून त्यांच्याजवळ ठेवलं आणि नियमाप्रमाणे काही न विचारता बाहेर पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं आतून बारीक आवाज आला, "पोट्टी हुशार हाये वं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी फाटकात उभ्या. बाईंनी बूट घातले होते, पण जायचं नव्हतं. गावातली पोरं आली, प्रार्थनेला उभी राहिली. बाईंनी प्रार्थना सुरू करू दिली नाही. "थांबा," म्हणाल्या. कशासाठी थांबायचं ते मला कळेना. माझं आपलं मनात चाललेलं, हुशार पोरगी, आता घरी बसेल, पुढच्या वर्षी कुणाच्या तरी शेतात निंदायला जाईल, संपलं.

आणि बांध्यांवरून बाराचा पाढा आला.

पोरांच्या आवाजात एक पुरुषी आवाज होता, घोगरा, बेसूर. रांगेच्या शेवटी काजलचा बाप होता, खांद्यावर कुऱ्हाड. फाटकात येऊन त्यानं काजलचा हात बाईंच्या हातात दिला.

"सायबानं तुमाले मना केलं म्हने," तो म्हणाला. "मले थोडी केलं."

"तुम्हाला पाढा येतो, भाऊ?" मी विचारलं.

तो कसनुसा हसला. उत्तर बाईंनी दिलं. "पहिल्या दिसापासून मांगं येते ना ते. झाडीतून, कुऱ्हाड घेऊन. त्याले वाटे मले माहीत नाई."

बापानं मान खाली घातली. बाईंना इतके महिने माहीत होतं, तो मागं आहे. त्यालाही बहुतेक माहीत होतं, त्यांना माहीत आहे. दोघं एका अक्षरानं बोलले नव्हते. मला रडू आलं आणि ते लपवायला मी पोरांवर ओरडले, "प्रार्थनेला उभे राहा!"

फेब्रुवारी अखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी हापशीवर करायला लावला, कारण 'वजाबाकीची जागा हाये ते'. गावकऱ्यांनी शाल दिली. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "ऐकू कोनाले येनार हाये?" सगळे हसले. मग आरमोरीला मुलाकडं राहायला गेल्या. जाताना बसच्या खिडकीतून मला म्हणाल्या, "मोह पडन आता. जाऊन पाहात जा तिकडे."

कशासाठी, ते मला माहीत होतं. मोहाच्या दिवसात टोल्याला दोनच वाटा असतात. एक तर मोह वेचायचा, नाही तर मिरची तोडायला तेलंगणात जायचं, लेकराबाळांसकट. काजलच्या घरी त्यावरूनच धुसफूस चालली होती. बाप म्हणत होता, त्या झाडाखाली आता आपल्या घरचं माणूस जाणार नाही, मिरचीलाच जाऊ. आणि काजल? तिला कोणाजवळ ठेवणार! ती पण जाणार. एकदा मिरचीला गेलेलं पोरगं शाळेत परत येऊन बसलेलं मी फार कमी पाहिलं आहे. शेवटी काजलची आईच उभी राहिली म्हणे. "मी वेचते," ती म्हणाली. "सासूचं झाड हाये. मिरचीले नाई जात." नवऱ्यानं शेवटचं सांगितलं, "यंदा काई इकडे-तिकडे झालं, त आपन हे गावच सोडू."

मार्चात सकाळपाळीची शाळा लागली. एके दिवशी मी शाळा उघडायच्या कितीतरी आधी निघाले. उजाडत होतं. नाला ओलांडला आणि मोहाचा वास आला, गोड, डोक्यात चढणारा. धुक्यात झाडाखालच्या बाया दिसत नव्हत्या. फक्त ऐकू येत होत्या.

"सतरा एके सतरा!" कुठून तरी डावीकडून.

"सतरा दुणे चौतीस!" दूर, दुसऱ्या झाडाखालून.

"सतरा त्रिक एक्कावन्न!" हा म्हातारा आवाज, दम लागलेला.

मी उभीच राहिले. प्रत्येक झाडाखाली एक बाई, आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक आकडा. ज्या बायांनी शाळेची पायरी पाहिली नाही, त्या पोरांकडून शिकून एकमेकींना ओ देत होत्या. चोक अडुसष्ट. पाचे पंच्याऐंशी. सक एकशे दोन, हा काजलचा, तो मी झोपेतही ओळखेन.

मग सातवा यायचा होता. तो आला नाही.

सगळं जंगल गप्प झालं. टोपल्यांची खसखस थांबली. सातवा नंबर कोणाचा हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण आकडे झाडाझाडानं सरकत येत होते आणि आता आजीच्या झाडाची पाळी होती. धुक्यातून काजल पळत वाटेवर आली, हातात टोपली, आणि जीव खाऊन ओरडली, "सतरा साते? ये माय! सतरा साते?"

काही नाही.

डावीकडून, उजवीकडून बाया निघाल्या, काठ्या घेऊन, विळे घेऊन. काजलचा बाप कुठून आला कोण जाणे, कुऱ्हाड हातात, पांढराफटक.

"एकशे एकोनीस वं!" आजीच्या झाडाखालून आवाज आला. "वरडता काऊन? तोंडात फूल होतं!"

मग एक बाई हसली, मग सगळ्या. त्यातली एक हसता हसता मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. काजल आईला शिव्या देत सुटली, "फूल खाते! वेचाले आली का खाले आली?" बापानं कुऱ्हाड खाली टेकवली आणि तो तिच्या दांड्यावर कपाळ ठेवून उभा राहिला.

आठवा कोणाचा होता मला माहीत नाही. ती बाई हसत असावी किंवा रडत असावी, कारण आठवा येत नव्हता. सगळ्या थांबल्या होत्या. काजलनं माझ्याकडं पाहिलं.

मी चपला काढून हातात घेतल्या, कशासाठी कोण जाणे. छाती भरून श्वास घेतला, आणि पोरांवर जेवढी कधी ओरडले नव्हते तेवढ्या जोरानं ओरडले,

"सतरा अठ्ठे एकशे छत्तीस!"

धुक्यापलीकडून पुढचा आला.